शारजात शिकवायला निघालेल्या ख्रिस्ती शिक्षिकेसाठी: शाळेचा आठवडा, चर्च आणि घरची प्रार्थना

वसईच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: बी.एड. झालं आहे, काही वर्षं इकडच्या शाळेत शिकवलं आहे, आता शारजातल्या एका सीबीएसई शाळेत एप्रिलपासून रुजू व्हायचं आहे. तिथे चर्चला जाता येतं का? गळ्यात क्रूस चालतो का? वर्गात धर्माचा विषय निघाला तर काय बोलायचं? आणि एकटीने राहून रोजची प्रार्थना, रविवारची मिस्सा, नाताळ, ईस्टर हे सगळं कसं जमवायचं?

चर्चला मोकळेपणाने जाता येतं. क्रूस चालतो. वर्गात धर्माविषयी आपणहून बोलायचं नाही. या तीन प्रश्नांची उत्तरं एवढी सोपी आहेत. चौथा प्रश्न खरा कठीण आहे, कारण संयुक्त अरब अमिरातीत ख्रिस्ती शिक्षकांची श्रद्धा ढिली पडते ती मनाईमुळे नाही, थकव्यामुळे आणि एकटेपणामुळे. पहाटेची बस, दिवसभर उभं राहून तास, संध्याकाळी वह्या आणि ऑनलाइन नोंदी, मग शनिवार-रविवारी झोप काढायची ओढ. दोन महिने चर्च चुकलं की तिसऱ्या महिन्यात त्याची बोचही राहत नाही. म्हणून या उत्तरात कायद्याइतकीच जागा वेळापत्रकाला दिली आहे.

आधी आठवडा समजून घ्या. १ जानेवारी २०२२ पासून अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवार अर्धा दिवस अशी पद्धत आली. त्याआधी शुक्रवार-शनिवार सुट्टी असे आणि रविवार कामाचा, त्यामुळे जुन्या लोकांच्या सांगण्यात शुक्रवारच्या मिस्साचा उल्लेख वारंवार येईल. शारजाने एक पाऊल पुढे टाकलं. तिथे शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस सुट्टी आहे आणि शाळा सोमवार ते गुरुवार चालतात, अर्थात रोजचे तास त्या बदल्यात जास्त. तुमच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. शुक्रवार घरकाम, बाजार आणि झोपेला, शनिवार वह्यांना, रविवार देवाला, अशी वाटणी पहिल्या आठवड्यापासून ठरवून टाका. उलट क्रम लावणारे फसतात: शुक्रवार-शनिवार आरामात जातात आणि रविवारी सकाळी टेबलावर चाळीस उत्तरपत्रिका आणि सोमवारचं पाठ नियोजन शिल्लक असतं. मग मिस्सा चुकते. शुक्रवारी ऑनलाइन प्रशिक्षण किंवा बैठका ठेवतात का, हे मात्र शाळेला रुजू होण्याआधी विचारून घ्या.

शारजातली चर्च यारमूक भागात जवळजवळ आहेत. कॅथलिकांसाठी सेंट मायकल्स, अँग्लिकनांसाठी सेंट मार्टिन्स, शिवाय मार थोमा, आर्मेनियन आणि रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीही तिथेच. दुबईत ऊद मेथा भागात सेंट मेरीज हे मोठं कॅथलिक चर्च आणि त्याच्याजवळ होली ट्रिनिटी हे अँग्लिकन चर्च. होली ट्रिनिटीच्या आवारात वेगवेगळ्या भाषांच्या आणि पंथांच्या पुष्कळ मंडळ्या वेळा वाटून घेऊन उपासना करतात. अहिल्यानगर, सोलापूर किंवा नागपूरकडच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतून आलेल्यांनी अँग्लिकन चर्चकडे जावं. १९७० साली नागपुरात स्थापन झालेली सीएनआय ही अँग्लिकन परिवारातलीच असल्याने तिथे प्रभूभोजनाला अडचण येत नाही. मेथडिस्ट, अलायन्स, साल्व्हेशन आर्मी अशा मंडळ्यांतल्यांनी आपली शाखा शोधण्यात महिने घालवू नयेत. जवळचं इंग्रजी उपासनेचं प्रोटेस्टंट चर्च पकडावं आणि तिथूनच पुढची चौकशी करावी.

भाषेचं आधीच स्पष्ट सांगतो. इंग्रजी, मल्याळम, तागालोग, अरबी, तमिळ, कोकणी या भाषांतल्या मिस्सा मोठ्या चर्चमध्ये मिळतात. नियमित मराठी उपासना मिळेलच असं धरून जाऊ नका. वसईकरांना कोकणी मिस्सा कानाला जवळची वाटते. तरी पहिलं वर्ष इंग्रजी मिस्सालाच जावं असं माझं मत आहे, कारण पॅरिशचे (धर्मग्रामाचे) बहुतेक उपक्रम इंग्रजीत चालतात आणि ओळखी तिथे होतात. मराठी घरच्या प्रार्थनेत टिकवायची. ती कशी, ते पुढे येतंच.

राहायची जागा निवडताना बहुतेक जण एक चूक करतात. चर्चजवळ किंवा दुबईच्या हद्दीला लागून असलेल्या नाहदा भागात घर घेतात, का तर रविवारी बरं पडतं. पण चर्च आठवड्यातून एकदा असतं आणि शाळा चार वेळा. शारजातल्या पुष्कळ भारतीय शाळा मुवैला आणि जुवैझा या बाजूला आहेत. शाळेच्या बसमार्गावर घर घ्या, रोजचा तासभर वाचवा आणि रविवारी टॅक्सीचे पैसे निश्चिंतपणे खर्च करा. एकाच चर्चच्या दोघी-तिघी मिळून टॅक्सी केली तर ती बसच्या भाड्याच्या आसपास येते आणि सोबत मिळते ती वेगळीच. दुबईला जायचं तर शारजाच्या जुबैल स्थानकावरून ई-३०३ बस युनियन मेट्रोला जाते आणि तिथून ग्रीन लाइनने थेट ऊद मेथा. पण रविवारी मेट्रो सकाळी आठला सुरू होते, त्यामुळे पहाटेच्या मिस्साला या मार्गाने पोचता येत नाही. रविवार संध्याकाळही टाळा. इत्तिहाद रोडच्या गर्दीत अडकून रात्री दहाला घरी आलात की सोमवार बिघडलाच. कॅथलिकांना शनिवार संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून चालते. वह्या आटोपल्या की ती गाठणं हा बऱ्याच शिक्षकांना जमलेला मार्ग आहे.

शाळेने खोली दिली तर ती किती जणींत, त्यांत कोण, हे लेखी विचारा. बेड स्पेस (सामायिक खोलीत फक्त पलंगापुरती भाड्याची जागा) घेणार असाल तर भाडेकरारात आपलं नाव आहे की नाही ते बघा. नोंदणी नसलेल्या खोलीतून एका दिवसात निघावं लागू शकतं. वेगळ्या धर्माच्या मैत्रिणींबरोबर राहताना भिंतीवर मोठी वेदी मांडण्यापेक्षा कपाटाच्या आतल्या फळीवर क्रूस, मरियामाउलीची लहान मूर्ती आणि बायबल ठेवणं सोयीचं. मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा वापरा. तिथल्या इमारतींत धूर ओळखणारी यंत्रं असतात आणि मध्यरात्री अख्खी इमारत जिन्यावरून खाली उतरली की शेजाऱ्यांशी असलेले संबंध संपतात.

आता कायदा. मुस्लिमांना धर्मांतराचं आवाहन करणं, त्या हेतूने पुस्तकं किंवा पत्रकं वाटणं, यावर बंदी आहे. २०२३ च्या संघीय कायदा क्र. ९ नुसार बिगर-मुस्लिमांची प्रार्थनास्थळं परवानाधारक असावी लागतात आणि सार्वजनिक उपासना तिथेच करायची असते. कुटुंबाने किंवा दोन मैत्रिणींनी घरी जपमाळ म्हणणं ही खासगी बाब आहे. पण दर शुक्रवारी हॉलमध्ये पंचवीस जण, माइक, गिटार आणि पाहुणे प्रवचनकार हा प्रकार परवानगीत बसत नाही, मग बोलावणारा कितीही भला माणूस असो. वाडीवरच्या प्रार्थनामंडळाची सवय असलेल्यांना हे जड जातं. अशा मंडळासाठी पॅरिश ऑफिसात जायचं आणि चर्चच्या आवारातल्या खोलीत वेळ मागायची. हाच रस्ता आहे.

धर्मद्वेष आणि भेदभावाविरुद्धचा कायदा कडक आहे (२०२३ चा संघीय आदेश-कायदा क्र. ३४) आणि तो फोनवरच्या मजकुरालाही लागू होतो. भारतातल्या व्हॉट्सॲप गटांत कोणत्याही धर्माची टिंगल करणारे फॉरवर्ड येतात. ते पुढे पाठवलेत तर जबाबदारी तुमची. जाण्याआधी असे गट सोडून द्या. शाळेतल्या मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय टाकणं हाही गुन्हा ठरू शकतो, मग तो फोटो स्नेहसंमेलनाचा का असेना.

सगळ्यात जास्त लोक नकळत सापडतात ते वर्गणीच्या नियमात. २०२१ च्या संघीय आदेश-कायदा क्र. ३ नुसार देणग्या गोळा करण्याचा अधिकार फक्त परवानगी असलेल्या संस्थांना आहे. गावच्या चर्चचं छप्पर दुरुस्त करायचंय, कुणाच्या मुलाचं ऑपरेशन आहे, म्हणून गटावर खाते क्रमांक टाकून पन्नास-पन्नास दिऱ्हॅम मागणं हे आपल्याकडे पुण्याचं काम, तिथे बेकायदा. चर्चमध्ये दानपेटीत टाका, लिफाफा द्या, ते योग्य. गावच्या धर्मग्रामाला मदत करायची तर एकेकट्याने, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या कमाईतून पाठवा. भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्याखाली परदेशी योगदान धरली जात नाही, त्यामुळे इकडच्या चर्चलाही अडचण येत नाही. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाचे पैसे त्यात मिसळू नका. त्याची देणगी परदेशी योगदान होते, भले तो जन्माने वसईचा असो. पावतीवर आपलं नाव आणि भारतीय पासपोर्टधारक असल्याचा उल्लेख करून घ्या.

दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देणाऱ्यांसाठी एक सूचना. पहिले तीन महिने ठेव, सामान, कागदपत्रांचा खर्च यांत पगार उरत नाही आणि कर्ज काढून दान देणाऱ्याही असतात. तसं करू नका. भाडं आणि घरी पाठवायची रक्कम वजा करून जे उरतं त्यावर हिशेब धरा, चौथ्या महिन्यापासून सुरू करा आणि मग त्यात खंड पडू देऊ नका.

वर्गाकडे येऊ. सकाळच्या परिपाठात राष्ट्रगीत असतं, पुष्कळ शाळांत कुराणपठणही असतं. शांत, ताठ उभं राहायचं. मुस्लिम मुलांना इस्लामिक एज्युकेशन सक्तीचं आहे. इतर मुलांना त्या वेळी मूल्यशिक्षणासारखा तास असतो आणि तो बऱ्याचदा ख्रिस्ती किंवा हिंदू शिक्षिकेकडे येतो. त्या तासाला शाळेने मंजूर केलेलं पुस्तक सोडून एक पानही वापरू नका. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट क्षमेच्या धड्यात चपखल बसते, मोह होतो. पण घरी जाऊन मूल ‘मिसने येशूची गोष्ट सांगितली’ एवढंच सांगतं आणि दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या दारात. तक्रार मुस्लिम पालकांकडूनच येते असंही नाही, हिंदू पालकांकडूनही येते.

मुलं मात्र विचारणारच. रमजानमध्ये पाचवीतली मुलगी विचारते, “मिस, तुम्ही रोजा का ठेवत नाही?” उत्तर दोन वाक्यांचं: “मी ख्रिस्ती आहे, आमचे उपवास वेगळ्या दिवसांत असतात. तुझा रोजा कसा चाललाय?” आणि लगेच फळ्याकडे. बिघडतं ते तिसऱ्या वाक्यापासून. इसा (येशू) आणि मरियम यांना इस्लाममध्ये मोठा मान आहे, मरियमच्या नावाची सुराही आहे, त्यामुळे आठवी-नववीतली मुलं अभ्यास करून येतात आणि थेट विचारतात की येशू देव की पैगंबर. याचं उत्तर: “माझ्या धर्मात आणि तुझ्या धर्मात याबद्दल वेगळं शिकवतात. तू घरी किंवा इस्लामिकच्या सरांना विचार.” इथे श्रद्धा लपवलेली नाही, कारण ‘मी ख्रिस्ती आहे’ हे तुम्ही स्पष्ट म्हटलेलं आहे. तेरा वर्षांच्या मुलापुढे शिक्षकाच्या हातातली सत्ता बाजूला ठेवायची असते आणि ते प्रामाणिकपणाचंच काम आहे. वर्गातलं ख्रिस्ती मूल परीक्षेआधी “मिस, माझ्यासाठी प्रार्थना करा” म्हणालं तर “करीन” म्हणा आणि घरी खरोखर करा. वर्गात डोक्यावर हात ठेवून नको.

समाजशास्त्र शिकवणार असाल तर धर्माशी संबंध नसलेली पण नोकरी अडचणीत आणणारी एक गोष्ट: भारतीय पुस्तकांत पर्शियन गल्फ छापलेलं असलं तरी अमिरातीत अरेबियन गल्फ म्हणायचं, नकाशावरही तेच लिहायचं. शाळा पुस्तकात दुरुस्ती करून देते. तुमची स्वतःची वर्कशीट मात्र तुम्हालाच तपासावी लागते.

क्रूस लहान, साखळीत, कपड्याच्या आत किंवा वर, जसा शाळेच्या पोशाखनियमात बसेल तसा. शारजात पोशाखाबाबत दुबईपेक्षा कडक नियम आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चर्चला जातानाही. जपमाळ पर्समध्ये ठेवा. भारतातून येताना स्वतःचं बायबल, उपासनेचं पुस्तक, जपमाळ आणायला काहीच हरकत नाही. एकाच पुस्तकाच्या वीस प्रती मात्र विमानतळावर प्रश्न उभे करतात.

रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे सध्या काही वर्षं तो प्रायश्चित्तकाळाला (ईस्टरआधीच्या उपवासकाळाला, जो राखेच्या बुधवारी सुरू होतो) येऊन भिडतो. २०२५ मध्ये रमजान १ मार्चला लागला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला आला. या महिन्यात शाळेचे तास कमी होतात आणि खासगी नोकरीतही दिवसाचे दोन तास कमी, तुम्ही रोजा ठेवा वा ना ठेवा. हा मोकळा वेळ प्रायश्चित्तकाळातल्या वाचनाला मिळाल्यासारखाच आहे. खाणंपिणं शाळेने नेमून दिलेल्या बंद खोलीत करा. वर्गात मुलांसमोर पाण्याची बाटली तोंडाला लावणं, बसमध्ये बिस्किट काढणं टाळा. लहान मुलं जेवतात तिथली ड्यूटी या महिन्यात आपणहून मागून घ्या म्हणजे रोजा असलेल्या सहकारी शिक्षिका सुटतात. पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) संध्याकाळी पालकसभा आली की त्याच तुमच्या जागी उभ्या राहतात. स्टाफरूममध्ये ही देवाणघेवाण पूर्वीपासून चालत आलेली आहे आणि माणसं ती मनापासून पाळतात. इफ्तारला बोलावलं तर जरूर जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, खजूर किंवा फळं न्या.

राख लावायची मिस्सा संध्याकाळची निवडा. सकाळी कपाळावर राख घेऊन वर्गात गेलात तर दिवसभर तीस मुलांना तेच उत्तर द्यावं लागतं.

पवित्र आठवड्याची खरी अडचण तारखांची आहे. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कुठेही येतो आणि भारतीय शाळांचं नवं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीला उघडतं. म्हणजे झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) आणि नव्या वर्गाचा पहिला आठवडा एकत्र येऊ शकतात. नेमका तुमचा रुजू व्हायचा काळ तोच. म्हणून वार्षिक नियोजन, पहिल्या दोन आठवड्यांचे पाठ आणि वर्गाच्या भिंतींची सजावट मार्चमध्येच तयार ठेवा. शारजात गुड फ्रायडेला शुक्रवारची सुट्टी असतेच, दुबईत अर्धा दिवस शाळा असते आणि दुपारची उपासना गाठता येते. पवित्र गुरुवार कामाचा दिवस आहे: शाळेतून थेट चर्चला जाण्याच्या तयारीने कपडे आणि डबा घेऊन निघा, घरी जाऊन टेकलात की पुन्हा उठणं होत नाही. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरण-मिस्साला फाटकावर लवकर पोचा. शेवटच्या अर्ध्या तासात आलेल्यांना बाहेर पटांगणातल्या पडद्यासमोर उभं राहावं लागतं. सोमवारी शाळा आहे, हे विसरू नका.

नाताळची सरकारी सुट्टी नाही, पण हिवाळी सुट्टी त्याच सुमारास असते. स्टाफरूमला फराळ न्यायचा तर कुलकुल, नेवऱ्या, रव्याचा केक न्या. रम घातलेला प्लम केक नेऊ नका, शारजात दारूवर पूर्ण बंदी आहे आणि ज्या सहकाऱ्याने न कळता तो खाल्ला त्याचं मन दुखावतं. ते परत जोडायला वर्ष जातं. तेच डुकराच्या मांसाचं. इंदियाल (डुकराच्या मांसाचं कालवण) घरी गेल्यावर. मिठाईत जिलेटिन असेल तर डब्यावर काय लिहिलंय ते वाचूनच द्या. वर्गात झाड, तारा, सांताची टोपी हे मुख्याध्यापकांच्या परिपत्रकात असेल तरच.

रोजची प्रार्थना टिकवायची तर ती सकाळी ठेवा. शाळेची बस सहाच्या सुमारास येते असं धरलं तर पावणेपाचला उठणं, सव्वापाचला पंधरा मिनिटं त्या दिवसाचं शुभवर्तमान आणि एक स्तोत्र, साडेपाचला डबा. रात्री झोपताना वाचू म्हणणाऱ्यांचं वाचन पहिल्या परीक्षेच्या मोसमात बंद पडतं. कॅथलिकांची रोजची वाचनं जवळपास सगळीकडे एकच असतात, त्यामुळे वसईत आई जो उतारा सकाळच्या मिस्साला ऐकते तोच तुम्ही शारजात वाचत असता. संध्याकाळी फोनवर त्यावर दोन वाक्यं बोलता येतात. वाचन मराठी बायबलमधून करा. दिवसभर इंग्रजी बोलून झाल्यावर प्रार्थनेची भाषा तरी आपली राहू द्या.

भारत दीड तास पुढे आहे. वसईच्या घरात साडेआठला जपमाळ सुरू होते तेव्हा शारजात सात वाजलेले असतात. जेवणाआधीची ही वेळ दोन्हीकडे जमते. अमिरातीत व्हॉट्सॲपवरचे आवाजी आणि व्हिडिओ कॉल चालत नाहीत. गूगल मीट, झूम किंवा बोटिम वापरा आणि घरच्यांच्या फोनवर ते निघण्याआधीच स्वतः बसवून, एकदा लावून दाखवा. व्हीपीएन वापरून बंदी चुकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका, त्याला मोठा दंड आहे. आठवड्यातले सगळे दिवस जमणार नाहीत. तीन दिवस ठरवा आणि ते मोडू नका.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. यूएई हेगच्या अपोस्टील करारात (ज्यात परदेशी कागदाला एकच शिक्का पुरतो) नाही, त्यामुळे पदवी आणि बी.एड.वर राज्य शासन (मुंबईत मंत्रालय), मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, आणि तिकडे पोचल्यावर तिथलं परराष्ट्र मंत्रालय असे शिक्के क्रमाने लागतात. यासाठी किमान दोन महिने हातात ठेवा. पोलिस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवेतून घ्या. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधी तो दुरुस्त करा. नोकरीसाठी भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, कामगाराकडून घ्यायचा नसतो. करारात मूळ पगार वेगळा लिहिलेला बघा, कारण सेवासमाप्तीची रक्कम त्यावर ठरते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. पासपोर्ट शाळेने ठेवून घेणं बेकायदा आहे.

चर्चच्या कागदांकडे कुणी लक्ष देत नाही आणि मग आईवडिलांना धर्मग्रामाच्या ऑफिसात हेलपाटे पडतात. स्नानसंस्काराचा आणि दृढीकरणाचा दाखला, आणि फादरांचं पॅरिशमध्ये समावेशासाठीचं पत्र, हे तीन कागद मूळ स्वरूपात न्या. सीएनआयवाल्यांनी पाळकांकडून सभासदत्वाचं पत्र घ्यावं. दाखल्यावर मारिया, शाळेच्या दाखल्यावर मेरी आणि पासपोर्टवर मेरी अँथनी असे तीन अवतार पुष्कळांचे असतात. फादरांकडून तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा एक ओळीचा लेख शिक्क्यासह घ्या. तिकडे लग्न करायचं झालं तर स्नानसंस्काराचा दाखला सहसा सहा महिन्यांच्या आत काढलेला लागतो, जुना चालत नाही. आणि नवऱ्याला किंवा बायकोला व्हिसावर आणायचं तर चर्चच्या दाखल्यावर अवलंबून राहू नका. विवाहाची सरकारी नोंदणी करून त्या प्रमाणपत्रावर वरचेच शिक्के घ्या.

खासगी शिकवण्यांचा प्रश्न येतोच, कारण पैसे चांगले मिळतात. डिसेंबर २०२३ पासून त्यासाठी स्वतंत्र परवाना आहे, दोन वर्षांचा, विनाशुल्क. परवान्याशिवाय शिकवलं तर दंड. परवाना घेतलात तरी रविवार शिकवणीला देऊ नका. एकदा दिलेला रविवार पालक परत करत नाहीत.

शारजाऐवजी दुसऱ्या देशात नोकरी लागली तर चित्र बदलतं. कुवेत, बहरीन, कतार, ओमानमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार आहे, रविवारी शाळा असते आणि चर्चमध्ये खरी गर्दी शुक्रवारी. दोह्यात सगळी चर्च मुसैमीरच्या एकाच संकुलात आहेत आणि आत जाताना तपासणी होते. सौदीत चर्च नाही. तिथे जाणाऱ्याने हे पूर्ण समजून, घरातल्या एकांत प्रार्थनेची तयारी करूनच करारावर सही करावी.

पोचल्यावर पहिल्या महिन्यात पॅरिश ऑफिसात नाव नोंदवा. रांगेत उभं राहून मिस्सा ऐकून परत येणाऱ्याला तिथे कुणी ओळखत नाही. आजारपण आलं, नोकरी गेली, तर ओळख उपयोगी पडते. भारतीय वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा ८०० ४६३४२ हा नंबरही फोनमध्ये साठवा.

नोंदणीच्या अर्जावर ‘शिक्षिका’ लिहिलंत की धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवायची विनंती लगेच येईल. हजारो मुलं आणि मोजके शिक्षक, गरज खरी आहे. तरीही पहिल्या वर्षी नम्रपणे नाही म्हणा. नवी शाळा, नवा अभ्यासक्रम आणि शनिवार-रविवारचा आणखी एक वर्ग हे ओझं बहुतेक जणी सहा महिन्यांत टाकून देतात, आणि टाकताना चर्चही सुटतं. त्याऐवजी वाचक किंवा गायकवृंद यांपैकी एक घ्या, महिन्यातून एक-दोन रविवार पुरे. दुसऱ्या वर्षी, शाळेची घडी बसल्यावर, धर्मशिक्षकांच्या प्रशिक्षणाला नाव द्या. त्यात बालसुरक्षेचे नियमही असतात, ते शाळेच्या नियमांहून काही ठिकाणी वेगळे आहेत, तेव्हा सही करण्याआधी नीट वाचा.